खिशांतील कॅमेरा आणि घरांतील खोली



फिल्मचा कॅमेरा आतां इतिहासजमा झाला, असें समजून पुष्कळ घरांनीं आपले जुने कॅमेरे केव्हांच मोडींत काढले. परंतु गेल्या कांहीं वर्षांत वारें थोडें फिरलें आहे. तरुण मुलें-मुली फिल्मचे रोल विचारूं लागलीं आहेत, जुन्या छोट्या कॅमेऱ्यांना पुन्हां भाव आला आहे, आणि २०२४ सालीं पेन्टॅक्स या नांवाखालीं फिल्मवर चालणारा एक अगदीं नवा कॅमेराहि बाजारांत आला. या सर्व कॅमेऱ्यांपैकीं एकाच जातीविषयीं आज बोलावयाचें आहे. खिशांत मावणारा, नेम धरून कळ दाबली कीं बाकीचें काम आपलें आपण करणारा, आणि विस्तृत कोनाचें, म्हणजे दुकानदार ज्याला ‘वाइड’ म्हणतात तें, भिंग बसविलेला छोटा कॅमेरा, ही ती जात होय.

असा कॅमेरा घेणारा मनुष्य बहुधा नांवापासून आरंभ करतो आणि किंमतीपाशीं येऊन थबकतो. कोणत्या प्रसिद्ध छायाचित्रकाराच्या हातांत कोणता कॅमेरा होता, हें त्याला पाठ असतें. परंतु आपल्या बैठकीच्या खोलींत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत किती फूट अंतर आहे, हें त्यानें कधीं मोजलेलें नसतें. माझें सांगणें असें कीं, या निवडीचा आरंभ खोलीपासून करावा आणि शेवट दुरुस्तीच्या प्रश्नापाशीं करावा. मधले प्रश्न मग बरेचसे सोपे होतात.

प्रथम ‘विस्तृत कोन’ म्हणजे काय तें पाहूं. आपल्या ओळखीच्या रोलवर जें एक चित्र उमटतें, तें ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असतें. ऑस्कर बार्नाक या जर्मन यंत्रज्ञानें रचलेला लायका कॅमेरा १९२५ सालीं लाइप्झिगच्या व्यापारी प्रदर्शनांत लोकांपुढें आला, आणि पुढें हें माप जगभर रूढ झालें. दूरच्या वस्तूचें स्पष्ट चित्र भिंगाच्या मागें जितक्या अंतरावर उमटतें, त्या अंतराला शाळेंत आपण नाभीय अंतर म्हणतों. हें अंतर जितकें कमी, तितका चित्रांत मावणारा देखावा अधिक रुंद. ५० मिलिमीटरच्या भिंगाला आडव्या दिशेनें सुमारें ४० अंशांचा कोन दिसतो, ३५ मिलिमीटरच्या भिंगाला ५४ अंशांचा, आणि २८ मिलिमीटरच्या भिंगाला ६५ अंशांचा.

अंशांचा हिशेब संसारी माणसाच्या फारसा उपयोगी पडत नाहीं. त्याला त्रैराशिक पुरेसें आहे. समोरच्या माणसांपर्यंतचें अंतर फुटांत मोजावें, त्याला ३६ नें गुणावें, आणि भिंगाच्या नाभीय अंतरानें भागावें. जें उत्तर येईल, तितके फूट रुंदीचा देखावा आपल्या चित्रांत येईल. इतकें सोपें गणित दुकानांत जाण्यापूर्वीं घरींच करतां येतें.

तें एका खऱ्या खोलीला लावून पाहूं. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० नंतरच्या दशकांत बांधल्या गेल्या. त्यांतील एक खोली १६० चौरस फुटांची. खाट, कपाट, पाण्याचीं पिंपें यांची जागा वजा जातां, फोटो काढणाराची पाठ एका भिंतीला आणि बसणारांची पाठ दुसऱ्या भिंतीला टेकली तरी मध्यें सात फूट उरले तर पुष्कळ झाले. नव्या इमारतींतील लहान घरांचीहि स्थिति याहून फार निराळी नसते. आतां सातांना ३६ नें गुणून ५० नें भागलें, तर पांच फूट येतात. ३५ नें भागलें, तर सात फूट दोन इंच. आणि २८ नें भागलें, तर बरोबर नऊ फूट. खांद्याला खांदा लावून बसलेल्या माणसास दीड फूट जागा धरली, तर ५० च्या भिंगांत तिघे मावतात, ३५ च्या भिंगांत चौघे, आणि २८ च्या भिंगांत सहाजण मावतात. आजी, आजोबा, आई, वडील आणि दोन मुलें, असे हे सहाजण. ३५ आणि २८ यांमधील सात मिलिमीटरांचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. खोलींत तो दोन माणसांचा फरक ठरतो.

आपल्या जुन्या आल्बमांतील घरगुती फोटो पाहिले, तर ते बहुतेक अंगणांत, गच्चीवर किंवा स्टुडिओंत काढलेले दिसतात. घरांत उजेड पुरत नसे हें त्याचें एक कारण. आणि मागें सरकावयास जागा नसे हें दुसरें. त्यामुळें झालें काय, तर लग्नांतील पोषाख आणि सहलीच्या टोप्या आल्बमांत राहिल्या. स्वयंपाकघरांत ओट्यापाशीं उभी असलेली आई, देव्हाऱ्यापुढें बसलेली आजी, खिडकीशेजारच्या आरामखुर्चींत वर्तमानपत्र वाचणारे आजोबा, हीं दृश्यें राहून गेलीं. घर बदलतें, चाळ पडते, माणसें जातात; मग तीं दृश्यें कोणत्याहि किंमतीला परत मिळत नाहींत. विस्तृत कोनाच्या छोट्या कॅमेऱ्याचें खरें प्रयोजन येथें आहे.

कोणी म्हणेल कीं, हें काम मोबाईल फोन करीतच आहे. म्हणणें खोटें नाहीं. हल्लींच्या बहुतेक फोनांचें मुख्य भिंग याच कोनाचें, म्हणजे फिल्मच्या मापानें २४ ते २८ मिलिमीटरांच्या आसपासचें असतें. ज्याला फोटो केवळ काढून पाठवावयाचे आहेत, त्यानें फिल्मच्या वाटेला मुळींच जाऊं नये. परंतु ज्याला वर्षाकांठीं तीन-चार रोल काढावयाचे आहेत, त्यांतून निवडून आल्बम करावयाचा आहे, आणि निगेटिव्हच्या पट्ट्या पुढच्या पिढीसाठीं कपाटांत ठेवावयाच्या आहेत, त्याला ३६ चित्रांची मर्यादा ओझें वाटत नाहीं. ती त्याला विचार करावयास लावते. पुढील विवेचन अशा माणसासाठीं आहे.

आतां पैसे खर्च करण्यापूर्वीं करावयाची एक परीक्षा सांगतों. जुन्या कॅलेंडराचा किंवा खोक्याचा मोठा पुठ्ठा घ्यावा व त्यांत ३६ सेंटिमीटर रुंद आणि २४ सेंटिमीटर उंच अशी खिडकी कापावी. पुठ्ठ्याला एक दोरी बांधून तीवर खिडकीपासून २८, ३५ आणि ५० सेंटिमीटरांवर गांठी माराव्या. एक डोळा मिटून, गांठ दुसऱ्या डोळ्यापाशीं धरून, खिडकींतून खोली पाहावी. २८ सेंटिमीटरांवरून जें दिसेल, तेंच २८ मिलिमीटरच्या भिंगाला दिसतें. कारण मिलिमीटरांच्या जागीं सेंटिमीटर घेतले तरी प्रमाण तेंच राहतें. समरूप त्रिकोणांचा जो सिद्धान्त आपण शाळेंत घोकला, त्याचा हा प्रत्यक्ष उपयोग. हा पुठ्ठा घेऊन घरभर हिंडावें, गच्चीवर जावें, गल्लींत उभें राहावें. ज्याला ३५ ची गांठ बरी वाटेल, त्यानें २८ च्या मागें लागूं नये. ३५ मिलिमीटरचे छोटे कॅमेरे पुष्कळ अधिक संख्येनें निघाले, आणि त्यामुळें निवडीस वाव अधिक आहे. ज्याला २८ देखील अपुरें वाटेल, त्यानें मात्र थोडें थांबून पुढील गोष्टी ध्यानांत घ्याव्या.

विस्तृत कोनाला कांहीं किंमत मोजावी लागते. पहिली गोष्ट चेहऱ्यांची. कडेला बसलेल्या माणसाचें डोकें बाहेरच्या दिशेनें ताणलें जातें. २८ च्या भिंगांत अगदीं डाव्या किंवा उजव्या कांठाला हा ताण सुमारें एकपंचमांश भरतो. २१ च्या भिंगांत तो जवळजवळ एकतृतीयांशावर जातो. म्हणून ग्रूप फोटोंत दोन्ही कडांना वीतभर जागा रिकामी सोडावी आणि मानाच्या वडीलधाऱ्यांस मध्यें बसवावें. शिवाय माणसें अर्धचंद्राकृति बसविण्याची जी जुनी रीत आहे, ती या भिंगाला मानवत नाहीं. तींत कडेचीं माणसें कॅमेऱ्याकडे पुढें येतात आणि मधल्यांपेक्षां मोठीं दिसतात. सरळ रांग बरी.

दुसरी गोष्ट जवळिकीची. एका माणसाचा चेहरा चित्रभर यावा म्हणून आपण २८ चें भिंग त्याच्या नाकापासून हातभर अंतरावर नेलें, तर नाक मोठें आणि कान लहान येतात. हा दोष भिंगाचा नसून अंतराचा आहे. अशा कॅमेऱ्यानें माणूस एकटा काढूं नये; त्याला त्याच्या खोलीसह, त्याच्या वस्तूंसह काढावें. तिसरी गोष्ट रेषांची. देवळाचें शिखर किंवा वाड्याचा दरवाजा घेण्यासाठीं कॅमेरा वर कलता केला, कीं उभ्या रेषा माथ्याकडे एकमेकींना भेटावयास निघतात. कॅमेरा पातळींत धरावा व शक्य तर जिन्याच्या एकदोन पायऱ्या चढून फोटो घ्यावा. चौथी गोष्ट कोपऱ्यांची. तिरपे किरण दुबळे पोहोंचतात. साध्या रचनेच्या २८ च्या भिंगांत गणिताप्रमाणें कोपऱ्याला मधल्या भागाच्या सुमारें दोनपंचमांश इतकाच प्रकाश मिळतो. भिंग रचणारे कारागीर तो सुधारतात, पण पूर्ण नाहींसा करूं शकत नाहींत.

या उणिवांच्या बदल्यांत या भिंगाचे दोन मोठे गुण पदरांत पडतात. हाताच्या कंपाला तें अधिक क्षमा करतें. नाभीय अंतर जितकें, तितक्या अंश सेकंदाहून संथ शटर हातांत धरून वापरूं नये, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. ५० च्या भिंगाला त्यामुळें १/५० सेकंद लागतो. २८ ला १/३० पुरतो. दुसरा गुण खोलवर स्पष्टतेचा. भरउन्हांत आठ क्रमांकाच्या छिद्रावर २८ चें भिंग सुमारें ११ फुटांवर साधलें, तर साडेपांच फुटांपासून क्षितिजापर्यंत सर्व कांहीं पुरेसें स्पष्ट येतें. तीच सोय ५० च्या भिंगांत हवी असेल, तर जवळचा माणूस १७ फुटांवर उभा करावा लागतो.

घरांतील रात्रीचा उजेड मात्र निराळा. ट्यूबलाइटखालीं ४०० वेगाची फिल्म घातली, तरी २.८ क्रमांकाच्या छिद्रालाहि १/३० सेकंदाच्या आसपास, पुष्कळदां त्याहून संथच, शटर लागतें. म्हणून भिंगावर कोरलेला छिद्राचा आंकडा अवश्य वाचावा. २.८ चें भिंग ३.५ च्या भिंगाच्या सुमारें दीडपट प्रकाश आंत घेतें. खोलींत हा फरक जाणवतो, मैदानांत जाणवत नाहीं. आणि अंगचा फ्लॅश किती दूर जातो म्हणाल, तर अशा छोट्या कॅमेऱ्यांत साधारण दहा फूट. लग्नाच्या मांडवांत मागच्या रांगेवरून वरमाला टिपूं पाहणाराच्या चित्रांत पुढल्यांच्या पाठी उजळतात आणि वधूवर अंधारांत राहतात.

आतां नेम कसा साधला जातो तें पाहूं, कारण वायां जाणारे बहुतेक फोटो येथें वायां जातात. स्वयंचलित कॅमेरा चौकटीच्या मध्यभागीं जें असेल त्याचें अंतर मोजतो. दोघे शेजारीं उभे असले आणि मध्यभागीं त्यांच्यामधील फट आली, तर कॅमेरा प्रामाणिकपणें मागच्या भिंतीचें अंतर मोजतो आणि दोघेहि पुसट येतात. यास्तव मध्यबिंदु एकाच्या चेहऱ्यावर ठेवून कळ अर्धी दाबावी, ती तशीच धरून चौकट नीट करावी, आणि मग पुरी दाबावी. ज्या कॅमेऱ्यांत अशी अर्धी कळ धरून ठेवतां येत नाहीं, तो घेऊं नये. आगगाडीच्या कांचेंतून बाहेरचा देखावा घेतांना पुष्कळ यंत्रें कांचेलाच फसतात. त्यासाठीं ‘दूरचें दृश्य’ अशी निराळी कळ असते, ती आहे कीं नाहीं तें पाहावें.

दुसरी रीत अंदाजाची. कॅमेऱ्यावर अंतराचे टप्पे दिलेले असतात आणि आपण डोळ्यानें अंतर ठरवून त्यांपैकीं एक निवडावयाचा असतो. २८ च्या भिंगांत अंदाजाची थोडी चूक खपून जाते, म्हणून ही रीत येथें वाटते तितकी अवघड नाहीं. वर सांगितलेल्या सात फुटांच्या खोलींत तर ती उत्तम चालते. कारण दोन मीटरांवर साधलेलें २८ चें भिंग पूर्ण उघडें, म्हणजे २.८ वर असलें, तरीहि सुमारें साडेपांच फुटांपासून सवाआठ फुटांपर्यंतचीं माणसें स्पष्ट घेतें.

एवढी तयारी झाल्यावर नांवांकडे वळण्यास हरकत नाहीं. या जातींत सर्वांत गाजलेला कॅमेरा जपानच्या रिको कंपनीचा जीआर-१. तो १९९६ सालीं निघाला. मॅग्नेशियमच्या मिश्र धातूचें पातळ अंग, २८ मिलिमीटरचें २.८ छिद्राचें भिंग, आणि दोन मीटरांवर नेम कायम ठेवण्याची सोय, हे त्याचे विशेष. हें भिंग इतकें नांवाजलें गेलें कीं, पुढें रिकोनें तेंच लायका कॅमेऱ्याला बसेल अशा स्वरूपांत वेगळें विक्रीस काढलें. आणखी एक शहाणपण त्यांत आहे. रोल घालतांच हा कॅमेरा सर्व फिल्म बाहेर ओढून घेतो आणि प्रत्येक फोटोनंतर एक एक चित्र डबींत परत ढकलतो. त्यामुळें मागील दार चुकून उघडलें, तरी काढून झालेलीं चित्रें सुरक्षित राहतात. टोकियोच्या शिंजुकू भागांतील रस्ते टिपणारे प्रसिद्ध छायाचित्रकार दाइदो मोरियामा यांनीं या घराण्याचे कॅमेरे वापरले, त्यामुळें त्यांचा लौकिक वाढला. याच घराण्यांत २००१ सालीं २१ मिलिमीटरचा जीआर-२१ निघाला. तो रस्त्यासाठीं आहे. घरगुती ग्रूप फोटोसाठीं त्याची कड फार ताणते.

निकॉनचा २८ टीआय १९९४ चा. टायटॅनियमचें अंग आणि माथ्यावर घड्याळासारखी कांट्यांची तबकडी, असा तो दागिना आहे. मिनोल्टाचा टीसी-१ हा १९९६ चा; तोहि टायटॅनियमचा, त्याहून लहान, परंतु त्याचें भिंग ३.५ चें. हे तिन्ही कॅमेरे त्या काळींहि महाग होते आणि आज जुन्या बाजारांत अधिकच महाग झाले आहेत.

याच कोनाचीं साधीं यंत्रेंहि होतीं. ऑलिंपसचा एक्सए-४ हा १९८५ चा, २८ मिलिमीटरचा, ३.५ छिद्राचा; त्यांत अंतर अंदाजानें लावावें लागतें, पण एक फुटापर्यंत जवळ जातां येतें, आणि तें जवळचें अंतर मोजण्यासाठीं त्याची मनगटांत घालण्याची पट्टीच टेप म्हणून कामीं येते. फुजीचा डीएल सुपर मिनी, ज्याला जपानांत तियारा म्हणत, तो १९९४ चा. त्याचें भिंगहि २८ मिलिमीटरचें व ३.५ चें. दिवसा-उजेडीं घेतलेल्या पोस्टकार्डएवढ्या छापील प्रतींत या साध्या कॅमेऱ्यांचा फोटो कोणता व महागांचा कोणता, हें ओळखणें सामान्य डोळ्याला कठीण जातें.

अगदीं नवाच कॅमेरा हवा, असें म्हणणारानें पेन्टॅक्स १७ चा विचार करावा; परंतु त्याची चौकट अर्धी, म्हणजे १७ बाय २४ मिलिमीटरांची आहे. एका रोलांत दुप्पट चित्रें निघतात, आणि त्याचें २५ मिलिमीटरचें भिंग मोठ्या चौकटीच्या हिशेबानें ३७ मिलिमीटरांसारखें दिसतें. म्हणजे तो काटकसरीचा आहे, विस्तृत कोनाचा नव्हे. आणि कोनाचीच परीक्षा पाहावयाची असेल, तर एकदां वापरून परत द्यावयाचा कॅमेरा पुरतो. फुजीनें ही कल्पना १९८६ सालीं जपानांत विक्रीस आणली. त्यांच्या क्विकस्नॅपमधील भिंग ३२ मिलिमीटरचें आहे, आणि एक मीटरापलीकडचें सर्व तें ठीक घेतें. छिद्र मात्र १० क्रमांकाचें. घरांत फ्लॅशशिवाय त्याचा निभाव लागत नाहीं.

आतां शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. हा कॅमेरा बिघडला तर काय? जुन्या पद्धतीचा यांत्रिक कॅमेरा घड्याळासारखा असतो. चाकें आणि स्प्रिंगा जाणणारा कारागीर तो उघडून नीट करूं शकतो. हे स्वयंचलित छोटे कॅमेरे तसे नाहींत. त्यांच्या आंत कागदासारख्या लवचीक पट्टीवर विजेचें मंडळ बसविलेलें असतें, सूक्ष्म मोटरी असतात, आंकडे दाखविणारी पट्टी असते. यांतील सुटे भाग आतां नव्यानें बनत नाहींत. मिनोल्टा ज्या कंपनींत विलीन झाली, तिनें २००६ सालीं कॅमेऱ्यांचा धंदाच सोडला. तेव्हां मोठी रक्कम देऊन घेतलेला दागिना एके दिवशीं कळ दाबल्यावर मुका राहिला, तर त्याचा उपयोग कागद दाबून ठेवण्यापलीकडे उरत नाहीं. येथें घरच्या माणसांनीं स्वतःला एक प्रश्न विचारावा: हें यंत्र उद्यां बंद पडलें, तर आपल्याला तितकेंच दुःख होईल ना, जितकें सोसतां येईल? उत्तर नकारार्थी असेल, तर त्याच कोनाचा साधा कॅमेरा घ्यावा आणि वांचलेल्या पैशांचे रोल घ्यावे.

जुना कॅमेरा घेतांना दुकानांतच कांहीं गोष्टी तपासाव्या. बॅटरीचें दार उघडून गंज किंवा हिरवट क्षार दिसतो का पाहावें. मागील दार उघडून, बॅटरीचा दिवा भिंगावर तिरपा धरून, आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का पाहावें. ती बुरशी होय. मुंबई-कोंकणच्या पावसाळी हवेंत ती लवकर धरते आणि भिंगाच्या कांचेवर कायमचा डाग पाडते. दाराच्या खाचेंतील काळा स्पंज बोटाला चिकटत असेल, तर उजेड आंत शिरण्याचा धोका आहे. हा दोष मात्र थोड्या खर्चांत बरा होतो. माथ्यावरील आंकडे पूर्ण दिसतात का, फ्लॅश भरतो का, आणि चष्मा लावून खिडकींतून चारही कडा दिसतात का, हेंहि पाहावें. चष्म्याची गोष्ट तरुण विक्रेता सांगत नाहीं, आणि वयस्कर गिऱ्हाइकाला ती घरीं आल्यावर कळते. शेवटीं, परत करण्याची मुदत ठरवून घ्यावी आणि त्या मुदतींत एक रोल काढून, धुवून पाहावा. त्यांत कांहीं चित्रें उन्हांत, कांहीं खोलींत, कांहीं जवळून आणि कांहीं फ्लॅशवर काढावीं. ओठांवर विश्वास ठेवण्यापेक्षां निगेटिव्हवर ठेवावा.

कॅमेरा घरीं आल्यावर तो चामड्याच्या पिशवींत कोंडून कपाटांत ठेवूं नये; चामडें ओल धरतें. झांकण घट्ट बसणाऱ्या डब्यांत, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्यांसह ठेवावा, आणि महिनाभर वापर नसेल तर बॅटरी काढून ठेवावी. फिल्मच्या खर्चाचाहि विचार आधींच करावा. उटकमंड येथें १९६० सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यांत पूर्वीं ‘इंदु’ नांवाची फिल्म होत असे. तो कारखाना आतां बंद झाला आहे, आणि रंगीत फिल्म आपल्याला बाहेरूनच आणावी लागते. रोलची किंमत, धुण्याची आणि प्रती काढण्याची मजुरी, अशी बेरीज करून ३६ नें भागावें. जो आंकडा येईल, तो एकदां कळ दाबण्याचा खर्च. वर्षाला किती वेळां तो परवडेल, हें ठरवून मगच कॅमेऱ्याला किती द्यावयाचे तें ठरवावें. कॅमेऱ्यानेंच सर्व पैसा खाल्ला, तर तो रिकाम्या पोटीं कपाटांत बसून राहतो.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. वर आपण सात फुटांच्या खोलींत सहा माणसें बसविलीं, परंतु कळ दाबणारा सातवा भिंतीलाच टेकून उभा राहिला. ज्याच्या हातीं घरचा कॅमेरा असतो, तोच माणूस आल्बमांत सहसा सांपडत नाहीं. म्हणून कॅमेरा घेतांना दहा सेकंदांनीं आपोआप कळ दाबणारा टायमर चालतो कीं नाहीं, तें अवश्य पाहावें. पुस्तकांच्या ढिगावर कॅमेरा पातळींत ठेवावा, दोघांना मागें उभे करून रांगेंत एक जागा रिकामी ठेवावी, टायमर लावावा, आणि जाऊन त्या जागीं बसावें.